बोकड कुठं गेलं ते पोरांना खरं सांगा

संपादक महोदय,
नमस्कार.

आखाड आला की दरवर्षी तेच सुरू होतं. एकीकडं मटणाच्या दुकानापुढच्या रांगांचे फोटो, दुसरीकडं व्हॉट्सअ‍ॅपवर जीवदयेचे मेसेज, आणि बकरी ईदच्या वेळी तर विचारूच नका. या सगळ्यात मोठी माणसं मोठ्या माणसांशी भांडतात, पण ज्या पोरांनी त्या जनावराला रोज पाला घातलेला असतो त्यांना कुणी काही विचारत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आमच्या घरीपण शेळ्या आहेत आणि घरात मटण शिजतं, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

आमचा भाग उस्मानाबादी शेळीचा. काळीकुळकुळीत, लांब कानांची, बऱ्याचदा जुळी करडं देणारी. कोरडवाहू जमीन, पावसाचा भरवसा नाही, त्यामुळं दवाखाना असो नाहीतर मोठ्या पोराची फी असो, बोकड विकल्याशिवाय हातात पैसा येत नाही. आणि शेळ्या बघायचं काम घरात कुणाचं, तर बायांचं आणि पोरांचं. जुळ्यातलं एक करडू अशक्त निघालं की ते मागं पडतं, दुसरं सगळं दूध पिऊन टाकतं, मग आई शेळी धरते आणि पोरगी करडाचं तोंड सडाला लावते, तरी नाही जमलं तर बाटलीनं पाजते, थंडीत रात्री पोत्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवते. असं जगवलेलं करडू तिच्या मागं मागं शाळेच्या फाटकापर्यंत येतं. त्याला नाव असतं, राजा, हिरो, काळ्या, काहीतरी.

मग एक दिवस व्यापारी येतो, कमरेवर हात दाबून मांस बघतो, उचलून वजनाचा अंदाज घेतो, भाव ठरतो. आमच्याकडं विकलेल्या जनावराचं दावं देत नाहीत, ते सोडून घेतात, गळ्यातलं घुंगरूही काढून घेतात आणि बोकड छोट्या हत्तीत चढतं. हे सगळं शक्यतो पोरं शाळेत असताना उरकतात. संध्याकाळी पोरगी विचारते राजा कुठाय, तर मामाच्या गावाला गेलाय. चरायला लांब गेलाय, येईल. एका चौथीतल्या मुलीनं वर्गात मला विचारलं, "बाई, मामाच्या गावाला गेलेलं बोकड कधीच परत का येत नाही?" वर्गातली निम्मी पोरं खाली मान घालून बसली. त्यांना सगळं माहीत होतं हो. आपल्याला माहीत आहे हे घरी बोलायचं नाही एवढंच त्यांना शिकवलेलं होतं, आणि मला जास्त वाईट याचं वाटतं.

पोरं लहान आहेत, विसरून जातील, असं आपण धरून चालतो. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक अभ्यास छापला, ९ ते ११ वर्षांची मुलं, १८ ते २१ ची तरुण मंडळी आणि त्याहून मोठी माणसं, असे मिळून ४७९ लोक. त्यात लहान मुलांचं म्हणणं असं आलं की शेतावरच्या जनावरालाही माणसासारखं आणि घरच्या कुत्र्यामांजरासारखंच वागवलं पाहिजे, आणि जनावर खाणं त्यांना मोठ्यांपेक्षा कमी बरोबर वाटत होतं. कुत्रा वेगळा आणि डुक्कर वेगळं हा हिशोब वय वाढतं तसा पक्का होतो म्हणे. आमच्या वर्गातली पोरंही हेच विचारतात, पोळ्याला बैलाला पुरणपोळी चारतो, २०१५ पासून तर बैल कापायला कायद्यानं बंदी आहे, मग बोकडानं काय केलं? याचं सोपं उत्तर माझ्याजवळ नाही आणि आहे असं भासवणं मला पटत नाही.

पण म्हणून सगळी पोरं एकच म्हणतील असंही नाही. इंग्लंडमध्येच केंट परगण्यातल्या लिड गावच्या प्राथमिक शाळेत पोरांनी मार्कस नावाचं मेंढीचं पिल्लू हातानं दूध पाजून वाढवलं होतं. २००९ मध्ये मुलांच्याच परिषदेत मतदान झालं, १३ विरुद्ध १ मतांनी ठरलं की त्याला कत्तलखान्यात पाठवायचं आणि त्या पैशातून डुकराची पिल्लं घ्यायची. केवढा गदारोळ झाला, सगळा राग मुख्याध्यापिकेवर निघाला. आणि उलटं बघा, कॅलिफोर्नियात २०२२ मध्ये ९ वर्षांच्या एका मुलीनं जत्रेतल्या लिलावासाठी सीडर नावाचं बोकड वाढवलं, विकायची वेळ आली तसं ते तिला देववेना, आईनं पैसे भरून द्यायची तयारी दाखवली, तरी पोलीस शेकडो मैल गाडी चालवत जाऊन ते घेऊन आले आणि ते कापलं गेलं. पुढं तिथल्या प्रशासनाला कोर्टात ३ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं. एका ठिकाणी मुलं हो म्हणाली, दुसऱ्या ठिकाणी मुलगी नाही म्हणाली, दोन्हीकडं मोठ्यांना ते सहन झालं नाही.

आपल्याकडं २००१ च्या कत्तलखाना नियमांत लिहिलंय की एका जनावरासमोर दुसरं जनावर कापायचं नाही. जनावराच्या डोळ्यांचा विचार केलाय, चांगलंच आहे, पण आठवडी बाजारात रस्त्याकडेला उघड्यावर कापाकापी चालते आणि दप्तर घेतलेली पोरं तिथूनच जातात, निदान एखादा आडोसा करायला काय हरकत आहे? खरं सांगा याचा अर्थ सुरी दाखवा असा होत नाही.

शहरातल्या पालकांना पण एक सांगते. गावाकडची मुलं तुमच्याकडच्या शाळेत, हॉस्टेलला येतात तेव्हा तुम्ही मारून खाता म्हणून त्यांना हिणवलं जातं. ज्या मुलीनं रात्र रात्र जागून करडू वाचवलंय तिला दया शिकवायला निघू नका, कृपा करून. शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्याचंही तसंच झालं, खाणाऱ्या पोरांचा विचार कुणी केला नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आठवड्यातून एक अंडं सुरू झालं होतं, न खाणाऱ्याला केळं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं पैसे थांबवले, हवं असेल तर लोकवर्गणी काढा म्हणाले. आमच्याकडची कितीतरी पोरं त्या एका अंड्याची वाट बघायची.

आता दुसरी बाजू. मटण खाणाऱ्या घरात एखादं पोर राजा गेल्यापासून ताटाला शिवत नाही. मग सुरू होतं, खा गुमान, अंगात ताकद कशी येणार, मुलगा असेल तर बायल्या म्हणून चिडवायचं. अहो, आपल्याच घरात आजोबा माळकरी असतात. त्यांच्यासाठी मटण घरात शिजवत नाहीत, बाहेर अंगणात तीन दगड मांडून शिजवतात, त्यांचं ताट वेगळं, भांडी वेगळी, पिढ्यान् पिढ्या हे चालू आहे आणि कुणी आजोबांना खाण्याचा आग्रह करत नाही की आजोबा कुणाच्या ताटाला नावं ठेवत नाहीत. हा मान नऊ वर्षांच्या पोराला का नाही? त्याला पिठलं वाढा, विषय संपला. पुढं मोठेपणी त्याला वाटलं तर खाईल, नाही वाटलं तर नाही खाणार.

पालक सभेत मी आता सरळ बोलते. व्यापारी यायच्या आधी पोराला सांगा की बोकड विकायचं आहे, कशासाठी विकायचं आहे, किती पैसे येणार आहेत. शाळेला गेल्यावर गुपचूप देऊ नका, त्याला हात फिरवू द्या, रडलं तर रडू द्या. एखादं म्हणेल की हे एक नका विकू, तर निदान ऐकून घ्या, जमत असेल तर त्याच्याऐवजी दुसरं द्या, नसेल जमत तर का जमत नाही ते त्याला समजेल असं सांगा. काही जण हसतात, बाई तुम्ही पण ना म्हणतात. पण मागच्या सभेनंतर एक आई थांबली आणि म्हणाली की तिनं पोरीला खरं सांगितलं, पोरगी दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच शेळ्या सोडायला गेली.

आपली,
एक जि. प. शिक्षिका,
ता. भूम, जि. धाराशिव