मामा तलावावरची शाळा

प्रिय दोस्ता,

कसा आहेस बे? इकडे धान कापून झाले, सकाळी थंडी मस्त पडते. नागझिरा अभयारण्याच्या कडेला पोट्ट्यांसोबत काय चालू आहे ते नीट लिहितो, कारण फोनवर तू "वाघ दिसला का" याच्यापुढे जातच नाहीस.

वाघ दाखवायला नेतच नाही आपण. जिप्सीत बसून पोरगं फक्त बघते, हाताला काही लागत नाही. आम्ही गार्डला सोबत घेऊन मामा तलावावर (म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावावर) जातो, सामान म्हणजे चहाच्या गाळण्या, पांढऱ्या प्लास्टिकच्या थाळ्या, भिंगं, थर्मामीटर आणि पाणी किती आंबट-खारट ते रंगावरून सांगणारा पीएच पेपर. ही पोरं मायसोबत मोहफुलं वेचत मोठी झालेली, जंगल त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण "तुला काय वाटते, मोजून सांग" असं त्यांना कोणी विचारलंच नाही आजवर, आणि माझं सगळं काम तेवढंच आहे यार.

परवा एका पोरीच्या गाळणीत चतुराची (ड्रॅगनफ्लायची) अळी आली. मातकट, सहा पायांची, थाळीत गप्प बसलेली. काडी लावली तर पाय न हलवता सर्रकन पुढे गेली! कशी गेली? मी उत्तर दिलं नाही. जिलेबीत टाकतात तो खायचा रंग ड्रॉपरने तिच्या मागच्या टोकाजवळ सोडायला लावला, परत काडी लावली, आणि रंगाची धार मागे उडालेली सगळ्यांनी पाहिली. मग सांगितलं की तिचे कल्ले पोटात मागच्या टोकाला असतात, श्वासासाठी ती तिथूनच पाणी आत घेते आणि जीवावर बेतलं की तेच जोरात फेकून पळते. एक जण लगेच म्हणे, "सर, मग टाचणीची अळी पण अशीच पळते का?" टाचणी म्हणजे चतुराची बारीक अंगाची बहीण, डॅम्सेलफ्लाय. तिच्या अळीला शेपटीलाच तीन पानांसारखे कल्ले असतात, ते त्यानेच भिंगातून शोधलं. पुस्तकातल्या चित्रावरून हा प्रश्न आला असता का, सांग बरं?

आता म्हशी धुतात तो घाट आणि पलीकडचा कमळाचा काठ, दोन्हीकडे सारख्याच वेळा गाळणी फिरवून कुठे जास्त अळ्या निघतात ते मोजणं चालू आहे. मोजून झालं की जीव परत पाण्यात, हा नियम पोरांनीच केला.

तुझ्या शाळेच्या लॅबमध्ये जुनी भिंगं पडून असतील तर हेडमास्तरांना विचारून घेऊन ये ना, इथे चार पोरांत एक आहे. सुट्टीत ये, मुक्कामानेच ये. वहिनींना नमस्कार.

तुझाच
दोस्त