वेलिगामाला जाऊन आलो, तात्या

ती. स्व. तात्या,
साष्टांग नमस्कार.

श्रीलंकेच्या सहलीसाठी दिलेल्या सल्ल्याबद्दल समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं" म्हणता, टॉवेल पायरीवर टाकता आणि पाण्यात उडी मारता. दोनदा झालं असं. म्हणून आता जाहीर पत्रच लिहिते. सांगलीच्या माई घाटावरच्या सगळ्यांना कळू दे. तुम्हाला चष्मा सापडला नाही तर सूनबाई वाचून दाखवतील.

सुरुवात माझ्याच शहाणपणापासून करते. दहावी संपली की सर्फिंग शिकायचं, असं चिरंजीवांनी जानेवारीतच टुमणं लावलं होतं. तुमच्या हाताखाली कृष्णेत पोहायला शिकलेलं पोर, त्यामुळे पाण्याला नाही म्हणायची सोय नव्हती. मी एका टूरवाल्याकडून श्रीलंकेचा कागद आणला. मे महिना, नऊ रात्री, सात गावं, आणि त्यातल्या दोनच रात्री वेलिगामाला. "ऑफ सीझन आहे मॅडम, अर्ध्या भावात बसवतो." मीही आगाऊ रक्कम भरून मोकळी. चाळीस डब्यांचा हिशेब पैशापैशाने ठेवणारी बाई मी, पण हवा-पाण्याचा हिशेब काही केला नाही.

तो कागद तुम्ही ओल्या हातांनी धरलात आणि पहिलाच प्रश्न टाकलात, "मे महिन्यात तिथं काय भजी तळायला जाणार हाईस?"

मग बोटीवरच्या दिवसांत बघितलेली लंका पायरीवर ओल्या बोटानं काढलीत. पूर्वेची बाजू पुरी होईतो पश्चिमेची वाळून गेली, तरी मला समजायचं ते समजलं. मेपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा वारा दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्याला झोडपतो. वेलिगामात तेव्हा पाणी गढूळ असतं आणि लाटांना ताळतंत्र नसतो. त्याच महिन्यांत पलीकडे पूर्वेला अरुगम बेचा हंगाम भरात असतो. नोव्हेंबर ते एप्रिल सगळं उलटं. म्हणजे आधी महिना ठरवायचा, मग किनारा. आणि मी मात्र फोटो बघून गाव ठरवलं होतं, टूरवाल्यानं गिऱ्हाईक बघून महिना.

"पेपर कधी संपतात?" मार्चच्या मध्यात. "मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत ये." कारण १३-१४ एप्रिलला सिंहली आणि तमिळ लोकांचं नवं वर्ष असतं, दुकानं बंद, गाड्या तुडुंब. ही तारीख त्या टूरवाल्याच्या कागदावर कुठेच नव्हती. आमचे हे पतसंस्थेत, मार्च एण्ड सोडून हलणं शक्य नाही. ते मागे राहिले. त्यांच्या जागी सासूबाई निघाल्या. "मारुती गेला ती लंका ना? मग मी येणार." विषय संपला.

तुम्ही कानावरची पेन्सिल काढून सात गावांतली सहा खोडलीत. कँडी गेलं, एला गेलं, नुवारा एलिया गेलं, सिगिरियासुद्धा गेलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. सिगिरियावर तर मी दोन मिनिटं भांडलेही. "लाटेवर उभं राहायला हप्ताभर लागतो. बसमध्ये बसून कोण शिकलंय?" इतकंच म्हणालात. आगाऊ भरलेल्या रकमेतले निम्मे पैसे बुडाले. तोही हिशेब लिहून ठेवलाय, पण तुमच्या नावावर नाही.

वेलिगामा म्हणजे वाळूचं गाव. तळाशी वाळू, वाकडा लांबलचक उपसागर, लाट कमरेएवढी आणि सावकाश येणारी. तिथून थोडं पश्चिमेला मिडिगामाला लाटा देखण्या, पण खाली खडक. तुम्ही म्हणाला होता, "पडणारच हाईस, तर वाळूवर पड." मी पहिल्या दिवशी अकरा वेळा पडले. मोजलं पोरानं.

खोलीचंही तुमचंच ऐकलं. गॉल-मातारा रस्ता तिथे समुद्राला खेटून जातो आणि त्यावरच्या बसगाड्या आपल्या मिरजेच्या वडापवाल्यांना हात जोडायला लावतील. समुद्राकडे तोंड करून झोपायचं म्हणजे रात्रभर हॉर्न ऐकायचे. तीन रात्रींचंच बुकिंग केलं, मग चालत फिरून गल्लीत आत एका घरातली खोली ठरवली. समोर फणसाचं झाड, मागे विहीर. मालकिणीला काय म्हणायचं विचारलं तर म्हणाली, "अक्का." तिकडेही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. सासूबाईंची निम्मी भीती तिथेच गेली.

आता उंबलकड, म्हणजे तिकडचा वाळवलेला मासा. तुम्ही बजावलं नसतं तर आमच्या माळकरी सासूबाईंचं व्रत पहिल्याच नाश्त्याला मोडलं असतं. अक्कानं आप्पे वाढले. आपल्यासारखे गोळे नाहीत हं, वाटीसारखे पातळ, कडेला कुरकुरीत. सोबत पोळ संबोल: ओलं खोबरं, लाल तिखट, कांदा, लिंबू. बघणाऱ्याला वाटेल आपलीच चटणी. मी स्वयंपाकघरात जाऊन पाट्याशेजारी बघितलं, तर सुक्या लाकडाच्या ढलपीसारखा तुकडा. वास घेतला. मासाच! मी त्याच्याकडे बोट दाखवून हात हलवला, सासूबाईंच्या गळ्यातली माळ दाखवली. अक्कानं त्या माळेला हात जोडले आणि दुसरं खोबरं खवायला घेतलं. त्या दिवसापासून आमचा संबोल वेगळा. डाळीला ते परिप्पू म्हणतात, नारळाच्या दुधातली. ती मी शिकून आलेय, सोमवारच्या डब्यात घालणार आहे.

रेल्वेत उजव्या बाजूला बसायचा सल्ला बरोबर होता. कोलंबोचं फोर्ट स्टेशन सोडलं की थोड्या वेळानं रूळ आणि समुद्र यांच्यात फक्त दगड उरतात. गाडी रिकामी असते, हा सल्ला मात्र तुमच्या बोटीवरच्या काळातला असावा. कलुताऱ्यापर्यंत उभे होतो आम्ही, सासूबाई माझ्या बॅगेवर.

पोरानं तुमचा नियम पाळला. पाण्यात उतरण्याआधी वीस मिनिटं काठावर बसून बघायचं. त्याला लाज वाटत होती, बाकीची पोरं बोर्ड घेऊन पळत आत जात होती. चौथ्या दिवशी त्यालाच दिसलं: दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधल्या पट्ट्यात पाणी सपाट, जरा मळकट, फेस आत चाललेला. नवख्याला वाटावं हीच सुरक्षित जागा. शिकवणाऱ्या पोराला विचारलं, त्याला सगळे मल्ली म्हणजे धाकटा भाऊ म्हणायचे. तो म्हणाला, ओढ तिथेच आहे. ओढीत सापडलास तर किनाऱ्याकडे झुंजू नको, काठाला समांतर पोहत बाहेर पड, बोर्ड सोडू नको. पोरगं माझ्याकडे बघून हसलं. शब्द नि शब्द तुमचा होता.

मी उभी राहिले का? सहाव्या दिवशी राहिले. आठ फुटी मऊ बोर्डावर, फेसात, जेमतेम तीन श्वास. गुडघे सोललेले, रॅश गार्डमध्ये, म्हणजे सर्फिंगच्या शर्टात, पावशेर वाळू. पण राहिले.

मुक्कामातच चैत्री पौर्णिमा आली. तिकडे दर पौर्णिमेला पोया, सरकारी सुट्टी असते. दारूची दुकानं बंद, पांढरे कपडे घालून माणसं विहाराकडे चाललेली. आम्ही सासूबाईंना उनावटुनाजवळच्या रुमास्सला टेकडीवर नेलं. हनुमानानं आणलेल्या द्रोणागिरीचा तुकडा इथे पडला, असं तिकडचे लोक सांगतात. सासूबाईंनी बह्याच्या मारुतीचा अंगारा पिशवीतून आणला होता, तो तिथल्या मातीत मिसळला. समुद्राकडे बघून म्हणाल्या, "एवढं उडाला होय!"

एक गोष्ट तुम्हाला सांगितलेली नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी अक्कानं मला पडवीतल्या भिंतीवरची एक रेघ दाखवली, माझ्या खांद्याच्या वर. २६ डिसेंबर २००४. तिनं हातानं पाणी दाखवलं, मग दोनच बोटं वर केली आणि एक मिटलं. मी काही विचारलं नाही. मोबाईलमध्ये आमच्या घराचा फोटो होता, २०१९ च्या पुराचा, आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हाचा. जिन्यावरची रेघ मोठी करून दाखवली. तिनं फोटोतल्या रेघेवर बोट ठेवलं, मग आपल्या भिंतीवरच्या. चुलीवर चहा उकळून उतू गेला, तरी कुणी उठलं नाही.

तर तात्या, तुमची पेन्सिल माझ्याकडेच राहिलीय, ती आणते. आणि तुमच्यासाठी अक्कानं पाव किलो उंबलकड दिलंय. तीन पिशव्यांत गुंडाळून गॅलरीत कुंडीमागे ठेवलंय, सासूबाई स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत आणि शेजारचं मांजर चार दिवस तिथून हललेलं नाही. उद्या घाटावरून परस्पर इकडेच या.

तुमची,
डबेवाली