तुझ्या अस्वलाच्या कानामागे

मिरज

चि. सुमेध यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, मार्चमध्ये नोकरी सोडावी म्हणतोय, पूर्णवेळ ही कापडी अस्वलंच करावीत," आणि मी गप्प बसले. तुला वाटलं असेल, आईला पटलं नाही. तसं नव्हतं. मला जे सांगायचं होतं ते फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून कागद घेतला.

आधी हे ऐक. तुझं काम चांगलं आहे. हे आईचं कौतुक नाही, ३५ वर्षं मशीनवर बसलेली बाई सांगतेय. गणपतीत आलास तेव्हा रात्री पडवीत बसून तू त्या तपकिरी अस्वलाचं नाक भरत होतास. मी पाणी प्यायला उठले होते. काळ्या जाड दोऱ्याचे उभे टाके एकाला एक लावून घेतलेस, दिव्यापुढे धरलंस आणि सगळे उसवलेस. पुन्हा भरलंस, पुन्हा उसवलंस. तिसऱ्यांदा भरल्यावर मधला टाका केसभर खाली ओढलास, आणि तेवढ्यानं अस्वलाचा चेहराच बदलला. आत्तापर्यंत नुसतं बघत होतं, आता कुणाची तरी वाट बघायला लागलं. मी तशीच आत जाऊन झोपले. तुला सांगितलं नाही, पण त्या रात्री मला कळलं की हा छंद राहणार नाही.

कापड बेततानाही मी तुला बघितलंय. मोहेअरची, म्हणजे त्या शेळीच्या केसांच्या कापडाची, लव कुठल्या अंगाला पडते ते हात फिरवून बघतोस, पाठीमागून बाण काढतोस आणि कात्रीचं नुसतं टोक घालून खालचं विणलेलं कापड तेवढं कापतोस, केस एकही तुटत नाही. शिवून झाल्यावर शिवणीत अडकलेले केस सुईनं एकेक बाहेर काढतोस. मान, हात, पाय असे पाच सांधे, प्रत्येकात हार्डबोर्डच्या दोन चकत्या आणि नटबोल्ट, तेही हाताला घट्ट लागतील इतकेच आवळलेले. इंजिनिअरिंगचे पैसे वाया गेले असं कुणी म्हणालं तर मी त्याला ते सांधे फिरवून दाखवीन.

तू जर्मनीत उल्मला होतास तेव्हा आपण लहान गाडीनं गिंगेनला, श्टाइफ खेळण्यांच्या संग्रहालयात गेलो होतो, आठवतं? तू अस्वलं बघत होतास, आणि मी ती कंपनी काढणाऱ्या मार्गारेट श्टाइफबाईंची गोष्ट वाचत उभी होते. १८४७चा जन्म. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, पाय कायमचे गेले, उजवा हातही अधू. शिलाई मशीनचं चाक उजव्या हातानं फिरवता येईना, तर बाईनं मशीनच उलटं फिरवून ठेवलं आणि चाक डाव्या हाताला घेतलं. मशीन उलटं ठेवून शिवायचं म्हणजे काय, हे ज्यानं मशीन चालवलंय त्यालाच कळतं. घरी आल्यावर मी करून बघितलं होतं. चार बोटं शिवण सरळ आली नाही.

त्या बाईंनीही अस्वलापासून सुरुवात केली नव्हती. फेल्टचे, म्हणजे दाबून केलेल्या लोकरी कापडाचे, कपडे शिवायच्या, आणि १८८०च्या सुमारास टाचण्या खोचायची उशी म्हणून फेल्टचा छोटा हत्ती केला. पोरांनी तो खेळायला पळवला, तिथून पुढचं सगळं. सांधे हलणारं अस्वल पुतण्यानं, रिचर्डनं, १९०२ मध्ये काढलं. १९०३ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकी व्यापाऱ्यानं एकदम ३,००० मागितली. त्याच सुमारास अमेरिकेत अध्यक्ष रूझवेल्ट शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नाही म्हणाले, त्याचं व्यंगचित्र वर्तमानपत्रात आलं, आणि ब्रुकलिनच्या मिचटम नवराबायकोनं अस्वल शिवून दुकानात ठेवलं. टेडी हे नाव त्या रूझवेल्टांचं.

पण माझ्या डोक्यात राहिलं ते कानातलं बटण. नकला व्हायला लागल्या म्हणून १९०४ मध्ये त्यांनी प्रत्येक खेळण्याच्या कानात धातूचं बटण ठोकायला सुरुवात केली. हे आमचं, असं सांगणारं बटण. त्या काचेसमोर माझे डोळे का भरले ते तू विचारलंस, मी गाडीचं निमित्त सांगितलं. खरं आता सांगते.

१९९६ मध्ये मी सांगलीच्या एका दुकानासाठी लहान मुलींचे फ्रॉक शिवायचे. छातीवर चुण्या घालून वर हातानं भरतकाम, एका फ्रॉकला दीड दिवस. शिलाई नगाला ४० रुपये. एकदा तुझ्या मावशीबरोबर त्या दुकानावरून जाताना माझा फ्रॉक काचेत टांगलेला दिसला. मानेशी दुकानाचं रेशमी लेबल, किंमत ३४० रुपये. आत एक बाई मुलीला तो घालून बघत होती आणि म्हणत होती, "काय हात आहे हो तुमच्या कारागिराचा!" मालक नुसते हसले. मी बाहेर उभी होते. आत जाऊन सांगायला हवं होतं, गेले नाही. त्यानंतरही सहा वर्षं मी त्यांना शिवून दिलं, आणि कधी दर वाढवून मागितला नाही. घरखर्च चालला, तू शिकलास, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण माझ्या हातचं एकही कापड आज माझ्या नावानं कुणाच्या कपाटात नाही.

म्हणून तुझी वही चाळताना मला बरं वाटलं नाही. राग मानू नकोस, टेबलावर उघडीच होती. ऑफिसातल्या मित्राला जे अस्वल ४,५०० रुपयांना दिलंस त्याचं सामान तूच लिहिलंयस: मोहेअर, काचेचे डोळे, पंजाचं लोकरी फेल्ट, सांधे, आत भरायचा लाकडी भुगा आणि वजनाला बारीक छर्रे, सगळं मिळून ३,९००. खाली वेळ लिहिलाय २२ तास. उरले ६०० रुपये, म्हणजे तासाला २७. सुमेध, मी इथे गल्लीत अस्तराचा ब्लाउज शिवते तरी तासाला दीडशे सुटतात.

माझ्या हिशेबानं तुझा तास ३०० रुपयांच्या खाली नको. २२ तासांचे ६,६००, सामान ३,९००, खोका आणि बिघडलेल्या कापडाचे दोन हजार धर. साडेबारा हजार. आकडा ऐकून तुला संकोच वाटेल, मलाही लिहिताना वाटला. मग मी आपल्या सतारमेकर गल्लीत जाऊन आले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणायचा, तो महिनोन्‌महिने वाळवायचा, मग कुठे तंबोऱ्याला हात घालायचा. तिथे कुणी लाकडाच्या भावानं किंमत सांगत नाही. गिऱ्हाईक लांबून येतं ते बनवणाऱ्याचं नाव विचारत.

आता नोकरीचं. महिन्याला २५ दिवस आठ तास बसलास तर २०० तास. त्यातला तिसरा हिस्सा फोटो, पत्रव्यवहार, पॅकिंग आणि पोस्टात जाईल. राहिली सहा अस्वलं. सामान-खर्च वजा जाता हातात ४० हजार, तेही सहाच्या सहा विकली गेली तर. गेल्या वर्षी तू ११ विकलीस. त्यातली सात ओळखीच्यांनी घेतली. ओळखीचा माणूस तुझ्याकडे बघून घेतो, अनोळखी अस्वलाकडे बघून घेतो. म्हणून मी फक्त ती चार मोजते. त्या जपानच्या बाईंनी पुन्हा मागवलं, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. दुसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईक खोटं बोलत नाही.

तेव्हा मार्चमध्ये सोडू नकोस. पुढच्या दिवाळीपर्यंत थांब. अनोळखी माणसांच्या आगाऊ पैशांसकट १८ ऑर्डरी वहीत असल्या, म्हणजे तीन महिन्यांचं काम, आणि बँकेत वर्षाचा घरखर्च असला, की मला न विचारता राजीनामा दे.

लंडनच्या लिलावात १९९४ मध्ये 'टेडी गर्ल' नावाचं श्टाइफचं अस्वल १ लाख १० हजार पौंडांना गेलं, जपानच्या संग्रहालयासाठी, हे तूच मला दहादा सांगितलंस. ते ९० वर्षांचं होतं रे. त्याच्याकडे बघून आजचा हिशेब मांडू नकोस. त्यातून एवढं मात्र घे, की जमवणारी माणसं वस्तूचा इतिहास विकत घेतात. प्रत्येक अस्वलाचा क्रमांक, तारीख, कापड वहीत लिही. "१० पैकी ३" असं लिहिलंस तर त्या नमुन्याचं अकरावं करायचं नाही, कितीही पैसे आले तरी. एक अकरावं बाहेर पडलं की पहिल्या दहांवरचं तुझं नाव पुसलं गेलं म्हणून समज.

कागदपत्रांचंही बघ. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झालाय. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिली आहे, तेव्हा आधी ते कारागीर ओळखपत्र काढ. बाहेर पाठवायचं तर आयात-निर्यातीचा कोड लागेल. आणि काचेचे डोळे, बोल्ट, छर्रे असलेलं अस्वल लहान मुलाच्या हाती देऊ नये, ही मोठ्यांनी जमवायची वस्तू आहे, हे प्रत्येक खोक्यात मराठी-इंग्रजीत स्पष्ट लिहून घाल. ओळखीच्या कुणी बारशाला मागितलं तर नाही म्हण. लेबल लावलं तरी बाळ ते तोंडातच घालणार.

बाबांची काळजी करू नकोस. रेल्वेत ३४ वर्षं पहिल्या तारखेचा पगार घेतलेला माणूस, त्यांना भीती वाटणारच. पण काल शेजारचे काका "मुलगा बाहुल्या शिवतो म्हणे" असं म्हणाले, तेव्हा बाबा आत जाऊन तुझं ते राखाडी अस्वल घेऊन आले आणि त्यांच्या हातात देऊन म्हणाले, "मान फिरवून बघा." काका बराच वेळ फिरवत होते.

आता माझं काम. आजीची हिरवी इरकल पदराशी विरलीय, पण काठ अजून घट्ट आहे. काठाचा तुकडा आणि पदराचा चांगला भाग या पत्रासोबत पाठवतेय. मला एक अस्वल हवंय, ३५ सेंटीमीटर, मधाच्या रंगाचं, डोळे काळे. चारी पंजे इरकलीचे कर, मागून पातळ कापडाचं अस्तर लाव, नाहीतर सांध्याशी उसवेल. डाव्या कानामागे तुझं नाव भर, छापील लेबल नको. घाई नाही, इतरांच्या ऑर्डरी आधी.

साडेबारा हजार तुझ्या खात्यात टाकलेत. परत पाठवू नकोस, पावती पाठव.

तुझी,
आई