बोअरहोल बुजवण्याआधी तापमान मोजा

प्रति,
माननीय केंद्रीय खाणमंत्री, नवी दिल्ली

महोदय,

खाणींच्या व्हेंटिलेशनमध्ये नोकरी करून निवृत्त झालो, आता पुण्यात असतो. हवामान खात्याच्या इथल्या शिमला ऑफिसातून आभाळाचा अंदाज निघतो. जमिनीखाली माणसाला किती उकडेल याचा अंदाज मात्र खाण मंजूर होताना कुणी मागत नाही.

२०२३ च्या कायदादुरुस्तीने खोलवरच्या खनिजांसाठी शोध परवाने आले. बोअरहोल घेतले जातील, त्यातून निघालेला खडकाचा दांडा (कोअर) तपासला जाईल, भोक बुजवलं जाईल. माझी मागणी एकच आहे: बुजवण्याआधी तळापर्यंत खडकाचं तापमान नोंदवणं सक्तीचं करा. तेही ड्रिलिंग संपल्यावर काही काळ थांबून, कारण ड्रिलिंगच्या पाण्याने भोकातलं तापमान बदलतं. त्याच दिवशी घेतलेला आकडा फाइलपुरताच.

बाकीची उष्णता बरीचशी कागदावर मांडता येते. कोरडी हवा खाली जाताना दाबली जाते आणि किलोमीटरमागे सुमारे १० अंशांनी तापते. मशिनरीची उष्णताही हिशेबात धरता येते. खडकाचं तसं नाही. किलोमीटरमागे २५-३० अंश हा ढोबळ नियम कोलारच्या सोन्याच्या खाणीला लावला, तर जमिनीवरचं तापमान धरून सव्वातीन किलोमीटरवर खडक शंभरी ओलांडतो. प्रत्यक्षात तिथला खडक साठीच्या घरात होता, म्हणून माणसं तिथवर पोचली. दुसरीकडे हीच चूक उलटी पडू शकते, आणि ते कळेपर्यंत शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायचा उभा मार्ग, खणून झालेला असतो. शाफ्टच्या व्यासावर खाली किती हवा जाणार ते ठरतं. नंतर तो रुंद करणं जवळपास अशक्य. दक्षिण आफ्रिकेत म्पोनेंगसारख्या खाणीत बर्फ खाली पाठवावा लागतो. आपल्याकडे तो खर्च कोण करणार?

कोळसा खाणींच्या २०१७ च्या विनियमांत वेट बल्बची (हवेतला दमटपणाही धरणाऱ्या तापमानाची) मर्यादा ३३.५ अंश आहे, आणि ३०.५ च्या वर सेकंदाला किमान १ मीटर वाहती हवा लागते. नियम चांगला आहे. पण कामगार फेसवर, म्हणजे खोदकामाच्या जागी, उभा राहिल्यावर तो लागू होतो, आणि तो नियम श्रम खात्याचा. शोध परवाना तुमच्या खात्याचा आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

तंत्र अवघड नाही. भूकंपाच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात ३ किलोमीटरचं बोअरहोल झालं; त्या कामातले लोक कराडच्या प्रयोगशाळेत आहेत, त्यांना विचारा. शोध अहवालाच्या नमुन्यात खोलीनुसार तापमानाचा रकाना घाला. परवाना परत गेला, खाण झालीच नाही, तरी ती नोंद राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडारात सर्वांना खुली ठेवा. शेजारच्या ब्लॉकवाल्याला तीच उपयोगी पडेल.

आपला,
एक निवृत्त व्हेंटिलेशन ऑफिसर, पुणे