फिट्झजेराल्डवर निकाल देण्याआधी त्याची पत्रे वाचावीत

संपादक महोदय,

उमर खय्याम या फारसी कवीच्या रुबायांवर (चार ओळींच्या कवितांवर) आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखाचा सूर असा होता की, त्यांचा इंग्रज अनुवादक एडवर्ड फिट्झजेराल्डला फारसी जेमतेम येत होते आणि म्हणून त्याचा उमर खय्याम मुळापासून भरकटला. हा समज मराठीत जुना आहे. फिट्झजेराल्ड मुळापासून दूर गेला हे खरे, पण तो जाणूनबुजून गेला, आणि कुठे कसा गेला हे त्याने स्वतःच पत्रांत लिहून ठेवले आहे.

त्याचा जन्म १८०९ मधला, सफोक परगण्यातला. फारसी त्याने चाळिशी उलटल्यावर हाती घेतले. गुरू होता त्याच्याहून सतरा वर्षांनी लहान असलेला एडवर्ड कॉवेल. विल्यम जोन्सच्या व्याकरणापासून सुरुवात करून १८५६ मध्ये फारसी कवी जामीच्या 'सलामान व अब्साल'चे भाषांतर छापण्यापर्यंत त्याची मजल गेली. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात कॉवेलला उमरच्या १५८ रुबायांचे हस्तलिखित सापडले. त्याने त्याची नक्कल करून फिट्झजेराल्डला दिली आणि ऑगस्टमध्ये तो प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक म्हणून कलकत्त्याला निघून गेला. पुढच्या वर्षी तिथल्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहातल्या दुसऱ्या, ५१६ रुबायांच्या हस्तलिखिताची नक्कल त्याने फिट्झजेराल्डला धाडली.

अभ्यासकाच्या दृष्टीने हा वियोग फार मोलाचा ठरला. गुरू शेजारी राहिला असता तर शंका बोलण्यातच फिटल्या असत्या. तो समुद्रापलीकडे गेल्यामुळे प्रत्येक अडचण, प्रत्येक पाठभेद कागदावर उतरला. एका अनुवादाची जडणघडण इतक्या जवळून पाहायला क्वचितच मिळते.

१८५८ च्या पत्रात तो कॉवेलला मोकळेपणाने सांगतो की भाषांतर शब्दशः मुळीच नाही, कित्येक रुबाया एकमेकींत कालवल्या आहेत आणि त्यात उमरचा साधेपणा थोडा हरवला असावा. पुढच्या वर्षी तो लिहितो, भाषांतरासाठी इतके कष्ट फार थोड्यांनी घेतले असतील, पण ते शब्दाला चिकटून राहण्यासाठी नव्हेत. काही झाले तरी कविता जगली पाहिजे, पेंढा भरलेल्या गरुडापेक्षा जिवंत चिमणी बरी. भाषा न कळणारा माणूस असा हिशेब देत नाही.

ही कालवाकालव कशी झाली ते एका उदाहरणावरून दिसते. झाडाखाली भाकरी, मद्य, कवितेचे पुस्तक आणि 'तू' ही त्याची सर्वांत गाजलेली चौपदी. मुळात या दोन रुबाया आहेत. एकीत गव्हाची भाकरी, दोन मण मद्य, मेंढीची तंगडी आणि बागेच्या कोपऱ्यात लालाच्या (ट्यूलिपच्या) फुलासारख्या चेहऱ्याची सखी आहे. दुसरीत मद्याची सुरई, काव्याचा दीवान (कवितासंग्रह), अर्धी भाकरी आणि ओसाड जागी बसलेले 'मी आणि तू'. फिट्झजेराल्डने दुसरीतून दीवान आणि ओसाडी घेतली, पहिलीतली तंगडी गाळली (तो स्वतः बहुतेक शाकाहारीच होता). दोन्हींच्या शेवटी येणारी सुलतानाशी तुलना सोडून देऊन त्या ठिकाणी त्याने स्वर्ग आणला. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचे यमक मात्र रुबाईचे म्हणून सांभाळले. अभ्यासक एडवर्ड हेरॉन-ॲलनने १८९९ मध्ये ओळीशी ओळ ताडून पाहिली, तेव्हा ४९ चौपद्या एकेकट्या रुबाईवरून आणि ४४ एकाहून अधिक रुबायांवरून घेतलेल्या आढळल्या.

याहून मोठा बदल क्रमाचा आहे, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. फारसी संग्रहांत रुबाया यमकाच्या शेवटच्या अक्षराप्रमाणे लावतात. प्रत्येक रुबाई स्वतंत्र असते, तिचा शेजारणीशी संबंध नसतो. फिट्झजेराल्डने त्या सूर्योदयापासून चंद्रोदयापर्यंतच्या एका दिवसात ओवल्या. इंग्रजी वाचकाला जे सलग काव्य भासते ते रचनेने संपूर्ण त्याचे आहे.

त्याच्या बाजूने बोलताना एक गोष्ट मात्र झाकता येत नाही. मार्च १८५७ च्या पत्रात तो म्हणतो की या फारसी कवींशी हवी तशी मोकळीक घ्यायला त्याला मजा वाटते, कारण आपल्याला धाक वाटावा इतके ते मोठे कवी नाहीत आणि त्यांना आकार द्यायला थोडी कला लागतेच. हा त्या काळच्या साहेबाचा गर्व आहे, आणि त्याबद्दल त्याला दोष द्यायलाच हवा. पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या पत्रात उमर आपल्याला एक प्रकारचा दिलासा देतो, असेही तो लिहितो. नोव्हेंबर १८५६ मध्ये ल्यूसी बार्टनशी झालेले त्याचे लग्न तेव्हा मोडत होते. दोन्ही पत्रे शेजारी ठेवूनच वाचली पाहिजेत.

जानेवारी १८५८ मध्ये त्याने ३५ चौपद्या 'फ्रेझर्स मॅगझिन'ला दिल्या. वर्षभर त्या पडून राहिल्यावर परत घेतल्या, भर घालून ७५ केल्या आणि १८५९ मध्ये स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. नाव घातले नाही. विक्री होईना, तेव्हा क्वारिच या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानाबाहेर त्या पेनीला एक अशा स्वस्त पुस्तकांच्या पेटीत गेल्या. नाव नसल्याचा परिणाम असा की, १८६३ मध्ये कलासमीक्षक रस्किनने 'अनुवादकास' लिहिलेले कौतुकाचे पत्र चित्रकार बर्न-जोन्सकडे राहिले आणि नॉर्टन व कार्लाइल या लेखकांच्या हातून फिट्झजेराल्डला मिळाले ते १८७३ मध्ये.

आवृत्त्यांचाही घोळ लेखात आहे. १८६८ च्या आवृत्तीत ११० चौपद्या, १८७२ आणि १८७९ च्या आवृत्त्यांत १०१. ओळखायची सोपी खूण पहिल्या चौपदीत आहे: रात्रीच्या वाडग्यात सकाळने दगड फेकला असेल तर ती १८५९ ची, सूर्याने ताऱ्यांना पिटाळले असेल तर नंतरची. लेखकाने एक चौपदी पहिल्या आवृत्तीतून, पुढची चौथीतून घेतली आहे, त्यामुळे त्यांनी जोडलेला विचारांचा धागा कवीचा राहत नाही.

पत्रांसाठी विल्यम अल्डिस राईटने १८८९ मध्ये काढलेले तीन खंड आहेत. पण आधार घ्यावा तो टर्ह्यून दांपत्याने संपादित केलेल्या, प्रिन्स्टनने १९८० मध्ये छापलेल्या चार खंडांचा. कित्येक पत्रांवर साल नाही, संपादकांनी ते ठरवून कंसात दिले आहे. उद्धृत करताना तो कंस गाळू नये.

मराठीपुरती एक विनंती. माधव ज्यूलियन फारसीचे प्राध्यापक होते. 'उमरखय्यामकृत रुबाया' (१९२९) त्यांनी थेट फारसीवरून केल्या आणि 'द्राक्षकन्या' (१९३१) फिट्झजेराल्डवरून. हा फरक त्यांनी दोन वेगळी पुस्तके करून जपला. आपल्या पुरवणीत दोन्हींतल्या ओळी 'उमर खय्याम म्हणतो' या एकाच मथळ्याखाली छापल्या गेल्या आहेत. पुढच्या अंकात निदान कोणती ओळ कोणत्या पुस्तकातली, एवढे तरी छापावे.

एक वाचक, कोल्हापूर