केस हातात आले, पण ती रडली नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत लहान मुलांच्या केसगळतीवर आलेला लेख वाचला. लोहाची कमतरता, थायरॉइड, डोक्यातला नायटा, मोठ्या तापानंतरची गळती, मुलांची स्वतःचे केस उपटण्याची सवय ही सगळी कारणे त्यात नीट सांगितली आहेत. आमच्या घरात यांतले एकही कारण नव्हते. खरे कारण कळेपर्यंत दीड वर्ष गेले आणि त्या दीड वर्षात मी माझ्या मुलावर एकदा हात उगारला. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

धाकटी आता साडेचार वर्षांची आहे. तिचे केस विंचरण्याचे काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. जन्मापासून तिच्या केसांना कात्री लागलेली नाही, कारण गरजच पडली नाही. मानेपर्यंत येतात आणि तिथेच राहतात. मऊ, पातळ, थोडे निस्तेज. डोक्याची मागची बाजू उशीला घासते तिथे सतत गुंता होतो. ‘बाळाचे केस आहेत, वाढतील’ असे सगळे म्हणत आणि आम्हीही तसेच धरून चाललो होतो.

ती अडीच वर्षांची असताना दोघा भावंडांचे चेंडूवरून भांडण झाले. मी आतल्या खोलीतून धावत आलो, तर सात वर्षांच्या थोरल्याच्या मुठीत केसांचा पुंजका आणि हिच्या कानामागे दोन बोटे रुंद मोकळी जागा. मी काही न विचारता त्याच्या पाठीत धपाटा घातला. ‘मी ओढले नाहीत, नुसते धरले होते,’ असे तो हुंदके देत पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मूठभर केस नुसते धरून हातात येतात, यावर कोण विश्वास ठेवेल? पण त्या खोलीत रडत होता तो एकटाच. जिचे केस गेले ती चेंडू मांडीवर घेऊन शांत बसली होती. हे मी पाहिले होते, आणि तरी माझ्या डोक्यात काही आले नाही.

पुढे संशयाची जागा बदलत गेली. बालवाडीतल्या बाईंना वाटले, ती स्वतःच केस उपटते, घरी काही ताण आहे का ते बघा. एका ओळखीच्या बाईंनी माझ्या पत्नीला बाजूला घेऊन विचारले की मुलीला कोणी मारते का. त्या रात्री पत्नी झोपली नाही. रक्ताच्या तपासण्या झाल्या, हिमोग्लोबिन, लोह, थायरॉइड सगळे ठीक आले. तरीही लोहाचे औषध महिनाभर दिले गेले. ‘टक्कल करा, दाट येतील,’ हा सल्ला तर इतक्या जणांनी दिला की मी तयारही झालो होतो. पत्नीने ठाम नकार दिला. तिचेच बरोबर होते. वस्तऱ्याने कातडीवरचा केस जातो, कातडीखालच्या मुळात काही फरक पडत नाही.

शेवटी ज्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो त्यांनी कागद बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारला, ‘केस निघतात तेव्हा ती रडते का?’ आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्यांनी तिच्याशी बोलता बोलता चिमटीत थोडे केस धरून हलकेच ओढले. केस आले. तिने मान वळवूनही पाहिले नाही. ते केस काचपट्टीवर ठेवून त्यांनी सूक्ष्मदर्शकातून आधी स्वतः पाहिले, मग मला दाखवले. केसाचे मूळ वाकडे होते, त्याच्याभोवती असायला हवे ते आवरण नव्हते, आणि मुळाच्या वरची साल चुण्या पडून गोळा झाली होती, घसरून घोट्याशी आलेल्या मोज्यासारखी. ही मोज्याची उपमा माझी नाही, डॉक्टरांच्या पुस्तकातच ती आहे.

या अवस्थेला ‘लूज ॲनाजेन सिंड्रोम’ म्हणतात. ॲनाजेन म्हणजे केसाचा वाढीचा काळ. डोक्यावरचे बहुतेक केस कुठल्याही वेळी याच काळात असतात. तो काही वर्षे चालतो आणि केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. या काळात केस मुळाशी घट्ट धरलेला असतो, म्हणून ओढला की कळ येते. आपल्या कंगव्यात रोज येतात ते वाढ संपून विश्रांतीला गेलेले केस असतात. माझ्या मुलीच्या डोक्यावर वाढणारा केसच सैल आहे. केसाला मुळाशी धरून ठेवणारे आतले आवरण नीट घट्ट होत नाही, त्यामुळे केसाची आणि त्याची पकड बसत नाही. वाढ पुरी होण्याआधीच केस निसटतो, म्हणून लांबी येत नाही. काही घराण्यांत हे पिढीजात चालते आणि काहींमध्ये केराटिन या केसातल्या प्रथिनाच्या एका जनुकात बदल सापडला आहे. पोषणाचा याच्याशी संबंध नाही.

१९८९ साली व्हेरा प्राइस आणि गमर या संशोधकांनी या नावाने त्याचे सविस्तर वर्णन केले. बहुतेक नोंदी २ ते ६ वर्षांच्या, सोनेरी केसांच्या मुलींच्या आहेत. पण काळ्या केसांच्या मुलांतही हे आढळते, मुलग्यांतही आढळते. मुलग्यांचे केस आखूड ठेवतात, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही, एवढाच फरक असावा असे मला वाटते. निरोगी मुलांतही एखाद-दुसरा केस असा सैल निघू शकतो, म्हणून एका केसावरून निदान करत नाहीत. तपासणीसाठी काढलेल्या केसांपैकी किमान ७० टक्के असे असावेत, असा दंडक सर्वसाधारणपणे धरतात. डॉक्टरांनी मुलीची उंची मोजली, छाती तपासली, डोळे पाहिले, कारण क्वचित नूनन सिंड्रोमसारख्या जन्मजात आजाराबरोबरही असे केस दिसतात. हिच्यात तसे काही निघाले नाही.

मला हेही मान्य आहे की विरळ केसांच्या प्रत्येक मुलाला हीच अवस्था नसते. चाईमध्ये गुळगुळीत गोल चट्टे पडतात. नायट्यात खपल्या आणि तुटके केस दिसतात आणि त्याला पोटातून औषध लागते, तिथे वेळ दवडणे चुकीचे. केस उपटण्याची सवय असेल तर केस वेगवेगळ्या लांबीवर तुटलेले असतात. हे सगळे बाहेरून सारखेच वाटू शकते, म्हणून डॉक्टरांकडे जायलाच हवे. माझे म्हणणे एवढेच की मूल उपटते आहे, भाऊ ओढतो आहे, आई दुर्लक्ष करते आहे, असे ठरवण्याआधी ते चार केस कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली बघावेत.

औषध आम्हाला काही दिलेले नाही. वय वाढेल तसे केस बरेच सुधारतात, असे डॉक्टरांनी सांगितले. काहींना मिनॉक्सिडिल हे केसवाढीचे औषध देऊन पाहतात, पण एवढ्या लहान वयात त्यांना ते नको वाटले. घट्ट रबर लावायचे नाही, ओले केस खसाखसा पुसायचे नाहीत, रुंद दातांचा कंगवा वापरायचा, टोकाकडून गुंता सोडवत वर यायचे. सकाळी मला पाच मिनिटे जास्त लागतात. बालवाडीतल्या बाईंना डॉक्टरांची चिठ्ठी नेऊन दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि त्या दिवसापासून इतर मुलांना ‘तिच्या केसांना हात लावायचा नाही’ एवढेच सांगतात, कारण विचारत बसत नाहीत. त्यांचे मी मनापासून आभार मानतो.

आपल्या आरोग्य पुरवणीत हा विषय पुन्हा येईल तेव्हा या अवस्थेचे नाव आणि डॉक्टरांनी विचारलेला तो पहिला प्रश्न कृपया छापावा, ही विनंती. तो प्रश्न विचारायला कुठलेही यंत्र लागत नाही.

निदान झाले त्या संध्याकाळी मी थोरल्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही. आता तो नऊ वर्षांचा आहे. हे पत्र लिहीत असताना माझ्या खांद्यावरून वाचत होता. मी आधी ‘भावाने केस ओढले’ असे लिहिले होते. त्याने बोट ठेवून सांगितले, ‘बाबा, ओढले नको, धरले लिही.’

आपला,
एक वाचक
(मुलीची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये.)