भिंत कोणी रंगवली तेही छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

एप्रिलमध्ये तुमच्या पेपरात आमच्या ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचा फोटो आला होता, बोलक्या भिंती म्हणून. मुख्याध्यापकांचं नाव होतं, सरपंचांचं होतं, पैसा कोणत्या निधीतला तेही होतं. त्या भिंतीवरचा वाघ, बाराखडीचं झाड आणि पाढ्यांची आगगाडी मी रंगवली. मार्च एंडिंगच्या घाईत अकरा दिवस, सकाळी सहाला शिडीवर चढायचो आणि अकराला उतरायचो कारण त्यानंतर आमच्याकडचं ऊन भिंतीला हात लावू देत नाही, मग परत साडेचारला चढायचो. फोटो पाहून आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. पण बायकोनं विचारलं तुमचं नाव कुठं हाय, तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं.

त्याच आठवड्यात भाचा आला. बारावी झाला आहे, हात फार चांगला आहे त्याचा, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून त्याच्या डोक्यात पक्कं बसलं आहे की क्लायंटचं काम म्हणजे गुलामी, खरा आर्टिस्ट तो जो आपल्या मनचं काढतो आणि तेच विकतो. मला म्हणे, "मामा, तू जिंदगीभर लोकाईच्या नाटकाचे पडदे अन् बोर्ड रंगवत राहिला, सोताचं काहीच नाही केलं." मी तेव्हा गप्प राहिलो. त्याला जे सांगायचं होतं ते तुमच्यामार्फत सांगतो, म्हणजे आणखी चार पोट्ट्यांना वाचायला मिळेल.

आमच्या भागात चित्रकाराचं पोट धानावर, म्हणजे भाताच्या पिकावर चालतं हे आधी समजून घ्यावं लागते. पावसाळ्यात रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसात कोणाच्याच हातात पैसा नसतो, तेव्हा मीही बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात जातो. मग पोळा येतो, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवायला येतात, मग गणपती, मग शारदा आणि दुर्गा. दिवाळीनंतर धान निघाला, विकला की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याची नाटकं सुरू होतात. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा म्हणजे या नाटकांचं मुख्य ठिकाण, कंपन्यांची ऑफिसं तिथंच, आणि पडद्यांची ऑर्डर मला तिथूनच येते. जंगल, राजवाडा, गावचा रस्ता, गरिबाचं घर, असे सगळे पडदे. त्यानंतर मार्चमध्ये ग्रामपंचायत आणि शाळांच्या भिंती, लग्नसराईत थोडं दारावरचं काम, की वर्ष संपलं. पूर्वी दुकानांचे बोर्डही होते. फ्लेक्स आलं आणि ते काम एका सीझनमध्ये गेलं म्हटलं तरी चालेल, माझ्यासोबत काम शिकलेले दोघं त्यावेळी ब्रश ठेवून हैदराबादला मजुरीला गेले ते आजपर्यंत आले नाहीत.

आता स्वतःच्या कलेचं सांगतो, कारण भाच्याला वाटते मी काही केलंच नाही. मी केलं आहे. दंडार या आमच्याकडच्या लोकनाट्यातले नाचे, वैनगंगेतला डोंगा म्हणजे लाकडी होडी, रोवणीच्या वाकलेल्या बाया, अशी वीसेक चित्रं कॅनव्हासवर काढली, रात्री काढली, आणि नागपूरला एका मेळ्यात घेऊन गेलो. फ्रेमिंग, येणंजाणं, राहणं, जेवण मिळून साडेनऊ हजार लागले आणि विकली गेली दोन चित्रं, साडेचार हजाराची. लोक थांबत होते, एक बाई रोवणीच्या चित्रासमोर उभी राहून रडली, तिची माय आठवली म्हणे. ती गोष्ट मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण पोरीची फी त्यातून भरता आली नाही, ती भरली पडद्याच्या पैशातून.

म्हणून मी भाच्याला सांगतो की बाबा, आपल्या इकडं धान कापायच्या आधीच त्याच बांधीत लाखोळीचं, म्हणजे एका डाळीचं बी शिंपतात. वेगळं पाणी नाही, वेगळी नांगरणी नाही, धानानं ठेवलेल्या ओलीवर ती निघते. ऑर्डरचं काम धान आहे आणि मनचं चित्र लाखोळी आहे. जंगलाचा पडदा काढता काढताच मला झाडावरचा उजेड काढायला समजला, वीस बाय बारा फुटाच्या कापडावर हात मोकळा झाला तोच हात माझ्या कॅनव्हासवर आला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आधी नाटक कंपन्यांचे पडदेच रंगवत होते, सिनेमा त्यांनी नंतर काढला. चित्रकार दीनानाथ दलालांनी किती प्रकाशकांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं केली, सगळी ऑर्डरचीच, आणि 1945 पासून स्वतःचा दिवाळी अंकही काढला. पण दलालांच्या मुखपृष्ठावर पाहा, दलाल अशी सही दिसते. काम दुसऱ्याचं, पैसा दुसऱ्याचा, तरी चित्र कोणाचं हे लपत नाही. मला ऑर्डरीची लाज कधीच नव्हती, दुखते ते सही नसण्याचं.

चार वर्षांपूर्वी मी एका कंपनीला जंगलाचा पडदा करून दिला, मोहाचं झाड, खाली बोडी म्हणजे छोटं तळं, मागं डोंगर. पुढच्या सीझनला दुसऱ्या गावात नाटक पाहायला गेलो तर दुसऱ्याच कंपनीच्या स्टेजवर माझं मोहाचं झाड, फ्लेक्सवर छापलेलं. कोणीतरी फोटो काढून प्रिंट मारली होती. मी रात्रभर नाटक नाही पाहिलं, झाडच पाहत बसलो. नंतर एका वकील साहेबांना विचारलं. त्यांनी सांगितलं की 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 17 आहे, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट काढून घेणाऱ्याचा होतो, जर वेगळं काही ठरलं नसेल तर. म्हणजे फ्लेक्सबद्दल बोलायचा हक्कच माझ्याकडं राहिला नव्हता, कारण मी काहीच ठरवलं नव्हतं, कागद तर दूरच. पण कलम 57 पण आहे, कॉपीराइट दुसऱ्याकडं गेला तरी हे चित्र मी काढलं असं सांगायचा हक्क चित्रकाराचाच राहतो. ही गोष्ट मला पंचवीस वर्षं ब्रश धरल्यावर समजली, भाच्याला पहिल्याच दिवशी समजावी म्हणून इथं लिहून राहिलो.

तेव्हापासून माझ्या पावती बुकावर दोन ओळी छापून घेतल्या आहेत, चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, छापायचं असल्यास विचारावे. आणि ॲडव्हान्स निम्मा. कामावर माझं नाव टाकायचंही आधीच सांगतो. काही मंडळं नाराज झाली, एका अध्यक्षांनी तर म्हटलं "भिंत आमची, तू काहून नाव टाकतं भाऊ?" मी म्हटलं भिंत तुमचीच आहे साहेब, वाघ माझा आहे. त्यांनी ऑर्डर दुसऱ्याला दिली. नुकसान झालं, पण मी ओळी काढल्या नाहीत.

झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे सरांना 2023 ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडं घरच्यासारखा आनंद झाला, मीही पेढे वाटले. नाटकाच्या पोस्टरवर नटांची नावं मोठ्या अक्षरात असतात, ती असलीच पाहिजेत, रात्र रात्र जागून ते लोक काम करतात. पडदा रंगवणाऱ्याचं नाव कुठंतरी खाली बारीक अक्षरात आलं तरी त्याला पुढच्या गावचं काम मिळते, एवढं कंपन्यांनी मनावर घ्यावं.

सरकारलाही एक सांगणं आहे. 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना आली, अवजारांसाठी 15 हजार, ट्रेनिंगला रोज 500 आणि 5 टक्के व्याजानं कर्ज. मी फॉर्म भरायला गेलो. यादीत 18 कामं आहेत, सुतार, कुंभार, शिंपी, न्हावी, मूर्तिकार, टोपल्या विणणारे, सगळे आहेत आणि असायलाच पाहिजेत, पण पेंटर नाही. कॉम्प्युटरवाला पोरगा म्हणे भाऊ मूर्तिकार टाकून देऊ का. वर्षातले दोन महिने मूर्त्या करतो त्यामुळं अगदीच खोटं नव्हतं, पण पोट माझं ब्रशवर आहे आणि सरकारी कागदावर माझं कामच दुसरं लिहिलं जावं हे मनाला पटलं नाही, म्हणून परत आलो. या यादीत पेंटर जोडावा.

आणि भिंतींचं काम ग्रामपंचायतीनं, शाळेनं शक्यतो थेट चित्रकाराला द्यावं. मधी कॉन्ट्रॅक्टर असतो, कारण बिल त्याच्या नावानं निघते. माझ्या हातात स्क्वेअर फुटाला 12 रुपये आले, आणि तेही जूनमध्ये. कोपऱ्यात नाव आणि मोबाईल नंबर टाकू दिला असता तर त्या भिंतीनंच मला आणखी दोन शाळा मिळवून दिल्या असत्या.

यंदा दिवाळीनंतर भाचा माझ्यासोबत वडस्याला येणार आहे, एक पूर्ण पडदा त्याच्या हातचा राहील आणि खाली सही त्याचीच राहील, तसं मी कंपनीकडून आधीच कागदावर घेतलं आहे. तुम्हाला एवढीच विनंती की यापुढं रंगवलेल्या भिंतीचा फोटो आला तर तुमच्या वार्ताहरांनी गावात एक फोन करून विचारावं की कोणी काढलं, आणि सरपंचांच्या नावाच्या बाजूला तेवढं छापावं.

आपला नम्र,
एक पेंटर,
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर